पाण्याची शुद्धी

दिवाळी दिव्यांनी सुरू होते असे आपण म्हणतो. पण नीट पाहिले तर ती पाण्याने सुरू होते. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री न्हाणीघर घासूनपुसून लख्ख करायचे, हंड्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालायची, तो काठोकाठ भरून ठेवायचा आणि पहाटे चांदण्या मावळायच्या आत त्या पाण्याने न्हायचे, ही आपली रीत. पणती त्यानंतर. आमच्या गल्लीत मात्र या रीतीला गेली कित्येक वर्षे एक पुरवणी जोडलेली आहे. हंडा भरण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरापुढे उभे राहून बोटे मोजावी लागतात. मागचे पाणी कोणत्या वारी आले होते? मधे किती दिवसांचा गॅप पडला? पुढचे पाणी सणाच्या आधी येईल की सण उलटून गेल्यावर? छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. इतरांनी एवढेच ध्यानात घ्यावे की आमच्याकडे पाण्याला घड्याळाइतकाच पंचांगाचाही आधार लागतो.

गेल्या भाऊबीजेला माझे एक आतेभाऊ घरी आले. मोठ्या शहरात चांगल्या हुद्द्यावर असलेले, सज्जन गृहस्थ. आईने रीतीप्रमाणे तांब्या-भांडे पुढे ठेवले. आतेभावांनी हसून हात जोडले आणि पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढली.

"राग मानू नका मामी, बाहेरचं पाणी मला सोसत नाही."

आई काही बोलली नाही. तिने तांब्या तसाच आत नेला. रात्री निजानीज झाल्यावर मला म्हणाली, "तुझी आजी अशीच कुणाच्या घरचं पाणी पीत नसे. त्याला तेव्हा विटाळ म्हणायचे. आता काय म्हणतात रे?"

मी नुसता हसलो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. मुलांना प्रश्न विचारून माझी हयात गेली, पण आईच्या त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या रात्री देता आले नाही. पुढे वर्षभर तो प्रश्न मनात घोळत राहिला. त्याचे जे काही उत्तर मला सापडले, ते मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

*

'शुद्ध' या शब्दाची आपल्या भाषेत दोन बिऱ्हाडे आहेत. एका बिऱ्हाडी शुद्ध म्हणजे सोवळे, ज्याला कोणी शिवलेले नाही ते. दुसऱ्या बिऱ्हाडी शुद्ध म्हणजे निर्दोष, जे प्यायले असता माणूस आजारी पडत नाही ते. शब्द एकच असल्यामुळे बिऱ्हाडही एकच, असे आपण धरून चालतो आणि घोटाळा तिथेच होतो.

माझी आजी पैठण तालुक्यातल्या एका खेड्यातली. आई सांगते, ती पहाटे ओलेत्याने आडाचे पाणी शेंदून आणी, दुहेरी फडक्याने गाळी आणि कोणाचा हात लागणार नाही अशा जागी घागर ठेवी. गावकुसाबाहेरचा कोणी तहानलेला दारी आला तर ती त्याला परत पाठवीत नसे; पण त्याच्या ओंजळीत पाणी वरून ओती, तांब्याला स्पर्श होणार नाही अशा बेताने. ती दुष्ट नव्हती. तिच्या लेखी ते पाणी शुद्ध होते आणि ते शुद्ध राखणे हा तिचा धर्म होता. पण त्या आडाचा काठ कच्चा होता. पहिल्या पावसात साऱ्या गावाची घाण वाहून आत उतरे. मग कधी गावात पटकी येई आणि लोक मरीआईचा गाडा वेशीबाहेर ओढून नेत. ज्याचा स्पर्श टाळायचा तो माणूस ओंजळ धरून दारात उभा असे आणि जे टाळायला हवे होते ते घागरीत, सोवळ्यात, झाकून ठेवलेले असे.

हे काही एका आजीचे किंवा एका गावाचे अज्ञान नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि हजारो अनुयायांसह तिथले पाणी प्याले. पुढे तिथल्या सनातनी मंडळींनी एकशे आठ घागरी भरून दही, दूध, शेण आणि गोमूत्र तळ्यात ओतले आणि तळे शुद्ध झाल्याचे जाहीर केले. विज्ञानाच्या कोणत्याही कसोटीने पाहावे. माणसांच्या ओंजळींनी त्या पाण्याचे काही बिघडले नव्हते आणि शेणाच्या घागरींनी ते सुधारणे शक्यच नव्हते. त्या तळ्यावरचा हक्क मुंबई हायकोर्टाने मान्य करायला १९३७ साल उजाडले. त्याच्याही कितीतरी आधी, १८६८ साली, जोतीराव फुल्यांनी पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. पण असा हौद एखाद्याचाच.

तिकडे लंडनमध्ये १८५४ साली पटकीची साथ आली, तेव्हा जॉन स्नो नावाच्या एका डॉक्टराने घरोघर हिंडून कोण मेले आणि त्यांनी पाणी कुठले प्याले याचा हिशेब मांडला. बोट ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाकडे वळले. त्या हिशेबात एका म्हाताऱ्या बाईचा मृत्यू मात्र जुळेना, कारण ती दूरच्या, निरोगी वस्तीत राहत होती. चौकशीअंती कळले की तिला त्या पंपाच्या पाण्याची चव फार आवडत असे. म्हणून ती मुद्दाम गाडीतून ते पाणी मागवी. पाणी दिसायला स्वच्छ होते, चवीला गोड होते, आणि त्यानेच तिचा जीव घेतला. तीस वर्षांनी, १८८४ साली, रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्याच्या एका तलावाच्या पाण्यात पटकीचे जंतू दिसले. तेव्हापासून प्रश्नच बदलला. पाण्याला कोण शिवले, हे विचारायचे कारण उरले नाही. पाण्यात काय आहे, हे विचारायचे. माझ्या मते माणसाच्या नीतीच्या इतिहासातला हा एक मोठा दिवस आहे, जरी तो कोणत्याही पोथीत नोंदलेला नसला.

*

हे सारे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण पाणी शुद्ध कसे होते हे प्रत्यक्ष पाहिले ते शाळेच्या सहलीत. आम्ही चौथीच्या मुलांना घेऊन पैठण रस्त्यावरच्या फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्रावर गेलो होतो. आमच्या शहराचे पाणी जायकवाडीच्या नाथसागरातून येते. शहर त्या जलाशयाहून शंभर मीटरांपेक्षा अधिक उंचावर आहे, तेव्हा गोदामाई आपल्या पायांनी आमच्याकडे येत नाही. तिला पंप लावून चढवावे लागते. वीज गेली की गंगा वाटेत थांबते.

केंद्रावर काम करणारे एक गृहस्थ आमच्या वर्गातल्या एका मुलाचे काका निघाले. त्यांनी मोठ्या हौसेने सारे दाखवले. धरणातून आलेले पाणी आधी हवेत खेळवतात. मग त्यात तुरटीचे द्रावण मिसळतात. गढूळ पाण्याच्या हंड्यात आपल्या आज्या तुरटीचा खडा फिरवीत, तीच ही तुरटी. मातीचे अतिबारीक कण एकमेकांना दूर लोटत असतात, म्हणून ते किती वेळ ठेवले तरी तळाशी बसत नाहीत. तुरटी त्यांचे ते भांडण मिटवते. कण एकमेकांना बिलगतात, कापसाच्या पुंजक्यांसारखे होतात, जड होतात आणि संथ हौदात सावकाश खाली बसतात. वरचे निवळलेले पाणी वाळूच्या जाड थरांतून गाळले जाते आणि ती वाळू वरचेवर उलट्या प्रवाहाने धुऊन काढावी लागते. एवढे झाल्यावर पाणी आरशासारखे दिसू लागते. मुलांना वाटले, झाले. एकाने ओंजळही पुढे केली.

"थांब बाळा," ते म्हणाले, "आता कुठं ते दिसायला चांगलं झालंय."

शेवटी क्लोरीन. या क्लोरीनची गोष्टही मजेची आहे. १९०८ साली अमेरिकेतल्या जर्सी सिटी शहराच्या पाण्यात तो नित्यनेमाने घालायला सुरुवात झाली, तेव्हा पाण्यात औषध कालवणे योग्य की अयोग्य हा वाद थेट कोर्टात गेला. निकाल पाण्याच्या बाजूने लागला आणि पुढे जगभर कोट्यवधी मुले त्या निकालाच्या छायेत मोठी झाली. क्लोरीन पाण्यातले जंतू मारतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. मला ठाऊक नव्हते ते पुढचेच.

"गुरुजी," ते म्हणाले, "इथले जंतू मारण्यापुरताच क्लोरीन घालून भागत नाही. थोडा उरवावा लागतो. लेक सासरी निघाली की वाटेसाठी शिदोरी बांधून देतो ना, तसा. इथून तुमच्या तोटीपर्यंत काही मैलांची वाट आहे. वाटेत काही बाधलं तर या शिदोरीवर पाणी तग धरतं."

ही शिदोरी तरी केवढी? शेवटच्या घराच्या तोटीला एक लिटर पाण्यात निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, असे आपल्या देशाचे मानक आहे. मुलांना मी तिथेच गणित घातले: पाच हजार लिटरच्या टँकरमागे किती? एक ग्रॅम. चिमूटभरही नाही. त्यांनी काचेच्या नळीत थोडे पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले, पाण्याला पिवळसर रंग चढला. "हा रंग दिसला की समजायचं, राखणदार जागा आहे."

मी विचारले, "रात्रपाळीला एखाद्याचा डोळा लागला आणि क्लोरीन सुटायचा राहिला, तर कोणाला कळेल?"

ते जरा थांबले. म्हणाले, "पाण्याकडं बघून कुणालाच कळणार नाही, गुरुजी. तीच तर पंचाईत. म्हणून झोपता येत नाही."

परत येताना बसमध्ये मी त्या वाक्याचा विचार करीत होतो. आपण घोटभर पाणी पितो तेव्हा ज्याचे नाव ठाऊक नाही, जात ठाऊक नाही, चेहरा पाहिलेला नाही, अशा माणसाच्या जागरणावर विश्वास टाकत असतो. माझ्या आजीने कोणाच्याही हातचे पाणी न पिण्यात धर्म मानला. आम्ही सारे रोज अनोळखी हातांचे पाणी पितो आणि जगतो. त्या माणसाने फसवायचे ठरवले तर कोणी साक्षीदार नाही. त्याने प्रामाणिकपणे काम केले तर कोणी शाबासकी देणारा नाही. नीतीची व्याख्या मला कोणी विचारली तर मी या गृहस्थांकडे बोट दाखवीन.

*

पण या लेखात दुसऱ्याचे गुण गाऊन मला मोकळे होता येणार नाही, कारण त्याच केंद्रावर त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली.

ते मुलांना सांगत होते की पाणी शुद्ध करण्यापेक्षा ते शुद्ध ठेवणे अवघड. पाइपात चोवीस तास पाणी दाबाने वाहत असेल तर एखादी चीर पडली तरी पाणी बाहेर गळते, बाहेरचे आत येत नाही. पण पाणी दिवसादिवसांनी येत असेल तर मधल्या काळात पाइप रिकामा असतो, आणि त्याच मातीत शेजारून गटार वाहत असते. रिकाम्या पाइपात जे झिरपायचे ते झिरपते. "आणि त्यावर कुणी नळाला मोटार लावली की संपलंच. मोटार नुसतं पाणी ओढत नाही. पाइपात पोकळी होते, ती पोकळी चिरांतून गटारातलंही ओढून घेते. ज्यानं मोटार लावली त्याचा हौद भरतो. शेवटच्या घराला काय मिळतं ते बघा एकदा."

तेवढ्यात आमच्या गल्लीतला एक पोरगा मोठ्या उत्साहाने म्हणाला, "आमच्या सरांच्या घरी पण मोटार आहे!"

मुले हसली. गृहस्थही हसले, मीही हसलो, कारण दुसरे काय करणार? एक मुलगी मात्र हसली नाही. ती आमच्या गल्लीच्या शेवटच्या घरातली. वडील रिक्षा चालवतात. श्रावणात तिला कावीळ झाली होती आणि महिनाभर ती शाळेत आली नव्हती. मी नारळ घेऊन तिला भेटायला गेलो होतो. तिची आई तेव्हा म्हणाली होती, "आमच्याकडं पाणी शेवटी शेवटी येतं गुरुजी, बारीक धार. पहिल्या दोन बादल्या तर काळ्याच असतात, त्या ओतून देतो." मी हळहळलो होतो, पाणी उकळून पीत जा असा सल्ला दिला होता आणि घरी येऊन, पाण्याची वेळ झाली होती म्हणून, मोटारीचे बटण दाबले होते. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे माझ्या मनातही आले नव्हते.

आता ती मुलगी रांगेत उभी राहून वाळूच्या थरावरच्या त्या निवळ पाण्याकडे पाहत होती. माझ्याकडे तिने पाहिले नाही.

तिला माझ्यामुळे कावीळ झाली काय? मी पुष्कळ विचार केला. गल्लीत मोटारी चार. पाइप जुना. दूषित पाण्यातून होणारी कावीळ दिसायला दोन आठवड्यांपासून सहा-सात आठवडे लागतात. म्हणजे कोणत्या दिवशीचा कोणता पेला, हे सांगणे डॉक्टरांनाही शक्य नाही. शाळेबाहेरच्या गाड्यावरचे सरबतही असू शकेल. कोणत्याही न्यायाधीशापुढे मी उभा राहिलो तर निर्दोष सुटेन. आणि नेमके हेच मला छळू लागले. पाप सिद्ध झाले असते तर त्याला प्रायश्चित्त असते. पण जे पाप चौघांत वाटले गेले आहे, पाइपात मिसळून गेले आहे, ज्याचा दिवस आणि वार सांगता येत नाही, त्याचे काय करायचे? त्याचा एक चतुर्थांश हिस्सा माझा, असा हिशेब करायचा की चौघांपैकी प्रत्येकाचे ते पूर्णच असते?

आपली जुनी नीती समोरासमोरच्या माणसांसाठी रचलेली आहे. खोटे बोलू नये, चोरी करू नये, दारी आलेल्याला पाणी द्यावे. त्या नीतीने पाहिले तर माझे काय चुकले? मी कोणाची घागर पळवली नव्हती. माझ्याच नळाला, माझ्याच पैशाने आणलेली अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार लावली होती. पण शहरात माणसे एकमेकांशी दारातून जोडलेली नसतात. ती जमिनीखालून जोडलेली असतात. माझा हात ज्या घरापर्यंत पोचत नाही तिथे माझा नळ पोचतो. या जमिनीखालच्या शेजारधर्माचे धडे आपल्याला कोणी दिलेले नाहीत आणि मीही कोणाला दिले नव्हते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. घरी मी मोटार काढायची म्हणालो तेव्हा पत्नीने सरळ विचारले, "बाकीच्या तिघांनी काढली नाही तर? तुमच्या सत्यासाठी सासूबाईंनी खालून बादल्या वाहायच्या का?" हा प्रश्न चुकीचा नव्हता. सगळे ओढत असताना एकट्याने न ओढणे म्हणजे शेवटच्या घराला पाणी देणे नव्हे. ते उरलेल्या तिघांना देणे आहे. एकट्याच्या सद्गुणाने पाइपातली पोकळी भरत नाही. इथे चांगला माणूस असणे पुरत नाही. चौघांना मिळून चांगले व्हावे लागते, आणि ते फार अवघड असते. शिवाय गल्लीत पुरेसे पाणी पुरेसा वेळ आले असते तर मोटार कोणाला हवी होती? तहानलेल्या माणसाला शेजारधर्म शिकवणे सोपे नाही आणि फारसे शोभणारेही नाही.

अखेर मी तिघांच्या घरी गेलो. एकाने ऐकून घेतले आणि काढली. दुसऱ्याने चहा पाजला. तिसऱ्याने विचारले, "मास्तर, निवडणुकीला उभे राहताय काय?" म्हणजे आता गल्लीत चाराच्या दोन मोटारी उरल्या आहेत. माझी मी काढली. पण विकलेली नाही, गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली ठेवली आहे, हेही कबूल केले पाहिजे. आमचा हौद आता अर्धाच भरतो. शेवटच्या घरी पहिली बादली अजून काळीच असते. दुसरी मात्र बरी असते, असे ती माउली सांगते.

*

या शहराला पाण्याचा फार जुना धडा मिळालेला आहे. इथे खडकी नावाचे गाव होते तेव्हा मलिक अंबराने १६१० साली शहर वसवले आणि १६१८च्या सुमारास डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात खेळवले. हा अंबर मूळचा हबशी, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. बाजारात ज्याची किंमत झाली होती त्या माणसाने एका नगराला पाणी दिले. नहरीत पंप नव्हता, वीज नव्हती. जमिनीचा उतार एवढेच यंत्र. तशाच एका नहरीने पाणचक्कीच्या हौदात पाणी पडते, आणि त्या पाण्याच्या नेटावर चालणाऱ्या जात्यावर फकिरांचे आणि आल्यागेल्यांचे पीठ दळले जाई. ती नहर शतकानुशतके टिकली, कारण ती सर्वांची आहे असे मानणारी माणसे होती. पुढे घराघराला वेगळा नळ आला, ती कोणाचीच नाहीशी झाली आणि तिच्यावर बांधकामे उठली. जे सर्वांचे असते ते कोणाचेच नाही असे मानायला एक पिढी पुरते.

मग जायकवाडी आले. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी त्याची कोनशिला बसवली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्या जलाशयासाठी शंभरावर गावांना आपली जमीन, आपले आड, आपली देवळे सोडावी लागली. आम्ही ज्याला शुद्ध पाणी म्हणतो त्याच्या तळाशी कोणाचा तरी उंबरठा आहे. २०२० साली शहरासाठी नव्या मोठ्या जलवाहिनीचे भूमिपूजन झाले, तेव्हा आमच्या गल्लीतही पेढे वाटले गेले. मोठा पाइप हवाच. त्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही. पण पाइप कितीही मोठा असो, त्याच्या शेवटी कोणाचे तरी घर शेवटचेच असणार.

इतक्यात आपण एक सोपी वाट शोधून काढली आहे. ज्याला परवडते तो घरात आरओचे यंत्र बसवतो. ज्याला नाही तो थंड पाण्याचा जार घेतो. मी यंत्राला नावे ठेवणार नाही. घरात तान्हे मूल असेल, आजारी माणूस असेल, तर मीही तेच करीन. पण या सोयीचे दोन मोल आहेत. एक म्हणजे हे यंत्र एक भांडे पाणी देताना त्याहून अधिक पाणी मोरीत सोडते, आणि तेही तहानलेल्या गावात. दुसरे मोल दिसत नाही. ज्याच्या घरात यंत्र बसले त्याला नळाला काय येते याची फिकीर उरत नाही. जे शिकलेले, ज्यांचा शब्द ऐकला जातो, ज्यांना अर्ज लिहिता येतो, तेच आधी यंत्र घेतात. मग काळ्या बादलीची तक्रार करायला रिक्षावाल्याची बायको एकटी उरते.

आणि इथे मला आईच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. विटाळाला आता काय म्हणतात? आतेभावांच्या बाटलीला मी विटाळ म्हणणार नाही. त्यांचे पोट नाजूक असेल. काळजी घेणे हा गुन्हा नव्हे. पण फक्त माझ्यापुरते शुद्ध केलेले पाणी, आणि गल्लीच्या टोकाला काय वाहते याबद्दल बेफिकिरी, हे नवे सोवळेच आहे. आजीची घागर उंच जागी होती, आमचे यंत्र भिंतीवर आहे, एवढाच फरक. आजी तरी ओंजळीत वरून का होईना, ओतत होती. मी तर शेवटच्या घराची धार ओढून घेत होतो.

हे उत्तर मी आईला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "नाथांनी गाढवाला पाणी पाजलं, ते तुला चौथीच्या पुस्तकात नव्हतं का?"

ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. एकनाथ महाराज काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघाले होते. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडताना दिसले आणि देवाच्या अभिषेकासाठी शेकडो कोस जपून आणलेले पाणी त्यांनी त्याच्या तोंडात ओतले. बरोबरचे लोक हळहळले, की कावड वाया गेली. आम्ही मुलांना ही गोष्ट भूतदयेची म्हणून शिकवतो. मला आता वाटते, ती पाण्याची गोष्ट आहे. ज्याला ते हवे आहे त्याच्यापर्यंत ते धडपणे पोचले, तिथे त्याची शुद्धी पुरी झाली. आणि योगायोग असा की आमच्या तोटीला जे पाणी येते ते पैठणचे, नाथांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या सागराचे.

यंदाही आम्ही कॅलेंडरापुढे बोटे मोजली आहेत. पाणी बहुधा धनत्रयोदशीच्या रात्री, दीड-दोनच्या सुमारास येईल, असा लाइनमनचा निरोप आहे. आमचा हंडा भरला की टॉर्च घेऊन शेवटच्या घराकडे एक चक्कर मारायची, असे पत्नीने ठरवले आहे. मी नव्हे, तिने. भाऊबीजेला आतेभाऊ येतील. ते बाटली काढतील की नाही, मला ठाऊक नाही. आई मात्र तांब्या-भांडे पुढे ठेवीलच.